तांबोळीबाईंची डबी

तांबोळीसाहेबांशी मी सहा महिने भांडलो. सातव्या महिन्यात कळलं की ते साहेब नसून बाई आहेत.

भांडण समोरासमोरचं नव्हतं. संगणकावर मराठी आणू पाहणाऱ्या पुण्यातल्या लोकांचा तेव्हा एक मेल-गट होता. एकाने मेल टाकली की ती सगळ्यांकडे जायची आणि ज्याला राहवत नसे तो उत्तर द्यायचा. मला कधीच राहवत नसे. मी भंडाऱ्याहून शिकायला आलेला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझे वडील कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायचे. आमच्या घरात पुस्तकं चार आणि पत्रकं चार हजार. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांच्या मथळ्यांवरून. त्यामुळे साधी मेलसुद्धा मी 'मित्रहो, जागे व्हा' अशी सुरू करायचो. ज्ञानाला कुंपण घालणं हाच खरा गुन्हा आहे, सॉफ्टवेअरची प्रत काढल्याने मूळ मालकाचं काहीच कमी होत नाही, मग चोरी कसली, असं ठणकावून विचारायचो. गटातले बहुतेक जण माझ्या बाजूने असत. त्यात माझ्या युक्तिवादाचा वाटा किती आणि त्यांच्या संगणकांवरच्या फुकटच्या प्रतींचा किती, हे मी तेव्हा तपासलं नाही.

विरुद्ध बाजूला मात्र एकच माणूस होता. झेड. तांबोळी. रोज सकाळी पावणेदहाला त्यांची एक मेल यायची. एकच. तिच्यात उद्गारचिन्ह नाही, हसरा चेहरा नाही, कुणाचा एकेरी उल्लेख नाही. सुरुवात ठरलेली: 'आपले म्हणणे असे समजले.' पुढच्या चार ओळींत माझंच म्हणणं असायचं आणि ते माझ्यापेक्षा नीट मांडलेलं असायचं. मग एक रिकामी ओळ. मग त्याचा समाचार. मराठीत क्रियापद माणसाला लगेच उघडं पाडतं, पण ह्या मेल्स सरकारी टिपणीसारख्या असायच्या, 'असे वाटते', 'असे दिसते' छापाच्या. मी आपला 'अहो तांबोळीसाहेब, आपण कंपन्यांची वकिली किती दिवस करणार' असं लिहीत राहिलो. एकदा तर मी त्यांना भांडवलदारांचे हस्तक म्हटलं. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला उत्तर आलं: 'हस्तक असल्याचे मानधन अद्याप मिळालेले नाही. पुढील चर्चा चहावर करावी.' खाली शनिवार पेठेतला पत्ता.

मी तयारीनिशी गेलो. पिशवीत तीन पत्रकं होती. एका बोळात, जिन्याखालची एक खोली, तिच्यात डीटीपीचं दुकान. डीटीपी म्हणजे पुस्तकं आणि पत्रिका संगणकावर जुळवण्याचं काम. आत पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई पट्टी धरून प्रूफ तपासत होत्या. सुती साडी, काळ्या दोऱ्याला बांधलेला चष्मा, कानामागे पेन्सिल. मी विचारलं, तांबोळीसाहेब आहेत का?

"कुठले? वडील वारले, भाऊ दुबईला असतो. मेल लिहिणारे हवे असतील तर ते समोर बसलेत."

मी पिशवी खाली ठेवली. मग म्हणालो, की सहा महिने मी तुम्हाला साहेब म्हणतोय, तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत.

"तुम्ही विचारलंत का?" त्या म्हणाल्या, आणि चहा सांगितला.

विचारलं का? झुबेदा तांबोळी नावाच्या बाईंचा सगळा कायदा, सगळं नीतिशास्त्र आणि सगळा तिरकसपणा ह्या दोन शब्दांत मावत असे. घोरपडे पेठेत त्यांचं घर. वडिलांची पानाची गादी होती. हिशोबात हुशार म्हणून मुलीला त्यांनी टायपिंगला घातलं, तिथून ती छापखान्यात खिळे जुळवायला शिकली, खिळे गेले तेव्हा संगणक शिकली. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा आडून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ज्याला करायचं होतं त्याने माझ्या वडिलांना विचारलं. मला नाही विचारलं." एवढंच.

त्या बोळात मराठी फॉण्टचं एकच सॉफ्टवेअर चालायचं. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये चार तरुणांनी काढलेल्या कंपनीचं होतं ते. त्याच्याबरोबर एक लॉक मिळायचं: काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचायचा. लॉक असेल तर अक्षरं दिसणार, नसेल तर पडद्यावर नुसत्या चौकटी. अख्ख्या बोळाने हे लॉक फोडलेली प्रत घेतली होती. फक्त तांबोळीबाईंनी खरी विकत घेतली, आणि तिच्याबरोबर आलेलं इंग्रजी बारीक अक्षरातलं करारपत्र पेन्सिलीने खुणा करत शेवटपर्यंत वाचलं. जगात ते वाचणारी ही एकटीच बाई असावी. त्यात लिहिलं होतं: एका वेळी एका संगणकावर वापरावे. बाईंनी विचार केला, एका वेळी एका संगणकावर म्हणजे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या संगणकांवर चालणार. पण आपणच ठरवायचं कसं? त्यांनी कंपनीला पत्र घातलं. शेजारच्या काळभोरांचं आणि जोशींचं दुकान, तीन दुकानं, लॉक एक, वेळा वेगळ्या, चालेल का? कंपनीला असं पत्र पहिल्यांदाच आलं असणार. उत्तर आलं, हाताने लिहिलेलं: 'चालेल. आनंद वाटला.' खाली सही, कुलथे. ते उत्तर बाईंनी काच लावून भिंतीवर टांगलं होतं.

तेव्हापासून वेळापत्रक ठरलं. दहा ते एक तांबोळी, एक ते चार काळभोर, चार ते सात जोशी. लॉक वडिलांच्या पितळी सुपारीच्या डबीत ठेवलेलं असे आणि ती डबी बोळातून ह्या दुकानातून त्या दुकानात जायची. एकच्या ठोक्याला काळभोर दारात उभा. हा पंचविशीतला, लग्नपत्रिका करणारा, कायम घाईत असलेला माणूस. फोडलेली प्रत त्याच्या ओळखीत ढीगभर लोकांकडे होती, पण बाईंनी एकदा त्याला 'लॉकवाला' केल्यावर तो त्या इभ्रतीला जपायचा. गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्याकडे ओरिजिनल असतं. एक ते चार."

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. बाई मला 'पत्रकवाले' म्हणायच्या. "काय पत्रकवाले, आज कुणाविरुद्ध?" गटावर मला 'आपण' आणि दुकानात 'तू'. गटावरचं भांडण दुकानात आणायचं नाही आणि दुकानातला चहा गटावर मिरवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. सकाळी त्यांनी माझ्या लेखाच्या चिंध्या केलेल्या असायच्या आणि दुपारी त्या मला भजी खायला घालायच्या.

मला वाटायचं, ही बाई म्हणजे प्रत्येक कायद्यापुढे मान तुकवणारी. मग गटावर पेटंटचा वाद निघाला. सॉफ्टवेअरमधल्या कल्पनेवरही पेटंट मिळावं असं काही जण म्हणू लागले होते आणि मी दोन पानं विषारी मजकूर लिहून बाईंच्या हल्ल्याची वाट बघत बसलो. पावणेदहाला मेल आली. 'आपले म्हणणे असे समजले' वगैरे झालं, आणि खाली लिहिलं होतं: 'सहमत. एकाने शिडी केली म्हणून दुसऱ्याने झाडावर चढूच नये, हे पटत नाही. दुसऱ्याने आपली शिडी करावी. मात्र पहिल्याचीच शिडी रात्रीतून उचलून नेऊ नये.' मी पत्रकं बरीच वाचली होती. इतकं सरळ एकातही नव्हतं. हे मी अर्थातच गटावर कबूल केलं नाही.

त्यांच्या विचारण्याचा त्रास सगळ्यांनाच व्हायचा. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. वर छापायला एका कवितेच्या चार ओळी घेऊन आले होते. बाईंनी विचारलं, कवीला विचारलंत का? गृहस्थ म्हणाले, अहो, कविता पुस्तकात छापलेली आहे, कवी असतील नसतील. बाईंनी टेलिफोनची डिरेक्टरी काढली. कवी होते, एरंडवण्यात होते आणि फोन त्यांनीच उचलला. बाईंनी परवानगी मागितली, तर त्यांनी ओळी फोनवर वाचून दाखवायला सांगितल्या. मग ते म्हणाले, की ह्या ओळी मी आतापर्यंत निदान पन्नास पत्रिकांवर वाचल्या, पण लग्नाचं आमंत्रण एकाचंही आलं नाही. बाईंनी फोन गृहस्थांच्या हातात दिला. कवी लग्नाला आले आणि मंगलाष्टकांच्या जागी स्वतःच उभे राहून कविता म्हणाले, चारच्या जागी चोवीस ओळी. मुहूर्त टळायची वेळ आली. मग पहिल्या पंगतीला बसून त्यांनी जिलबी दोनदा मागून घेतली. गृहस्थ नंतर बाईंना म्हणाले, पुढच्या मुलीच्या वेळी मी मेलेला कवी बघेन.

एकदा माझीही पाळी आली. माझं एक पत्रक नाशिककडच्या एका गटाने पुन्हा छापलं. मला त्याचा आनंदच होता, पत्रक फिरण्यासाठीच असतं. पण त्यांनी मधला एक परिच्छेद बदलून त्यात परप्रांतीयांविरुद्ध दोन वाक्यं घुसडली होती, आणि खाली माझं नाव तसंच ठेवलं होतं. मी तो कागद घेऊन तडक दुकानात गेलो. बाईंनी तो पट्टी धरून ओळीने वाचला.

"म्हणजे प्रत घेतली तर चालतं," त्या म्हणाल्या, "पण आत हात घातला तर नाही."

मी म्हणालो, हा वेगळा मुद्दा आहे.

"आहे. करारपत्रांत असे वेगळे मुद्दे असतात, म्हणून ती लांब होतात."

मग त्यांनी मला नाशिकला पाठवायचं खुलाशाचं पत्रक जुळवून दिलं, तेही त्यांच्या दहा ते एकच्या वेळेत, स्वतःचं काम बाजूला सारून.

आता लोणकर मास्तरांबद्दल सांगायला हवं. मांजरीचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं ते उसाच्या आणि गुऱ्हाळाच्या गावांतून फिरून शेतकामाचे शब्द गोळा करत होते: पाचट, खोडवा, वाढं, चिपाड, आणि त्यांशिवाय असे कित्येक जे कुठल्याही शब्दकोशात नव्हते. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन बाईंनी नऊ वर्षांत तो कोश संगणकावर चढवला होता. मास्तर महिन्यातून एकदा पीएमटीच्या बसने यायचे, स्टुलावर बसायचे आणि दोन-चार शब्द वाढवून जायचे. मधल्या काळात मूळ चिठ्ठ्यांना वाळवी लागली. निम्म्या कोशाची प्रूफं कागदावर होती. उरलेला निम्मा फक्त संगणकात. मराठवाड्यातला एक प्रकाशक अखेर तयार झाला, आणि मास्तर म्हणाले, आता मी डोळे मिटायच्या आत बघितलं म्हणजे झालं.

त्याच आठवड्यात लॉक मोडलं. लग्नसराई होती. संगणक बंद केल्याशिवाय लॉक काढायचं नाही, हा बाईंचा नियम. काळभोरची वेळ संपली होती, जोशी दारात खोळंबले होते, त्याने चालू संगणकातून ते ओढलं. एक पीन वाकली. ती त्याने बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने सरळ करायला घेतली आणि ती तुटली. कुणी न मागता त्याने त्या संध्याकाळी बोळात सगळ्यांना भेळ दिली, आणि स्वतः मात्र खाल्ली नाही.

नवीन लॉक मिळेना. कोथरूडची कंपनी दोन वर्षांपूर्वीच मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती आणि त्या मोठ्या कंपनीने हे सॉफ्टवेअर बंद करून टाकलं होतं. बाईंच्या पडद्यावर कोशाच्या जागी चौकटीच चौकटी. मास्तर आले, त्यांनी त्या चौकटी बघितल्या, आणि सगळा प्रकार दोनदा समजावून घेतला.

"म्हंजी कुलूप दुसऱ्याचं," ते म्हणाले, "किल्ली तुमची मोडली, आन् आत कोंडून पडले माझे शब्द. बाई, ह्यो कुठला न्याय हाय?"

बाईंनी मोडकं लॉक डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

माझ्या पिशवीत त्यावर इलाज होता. पदपथावर चाळीस रुपयांना घेतलेली सीडी, ह्याच सॉफ्टवेअरची लॉक फोडलेली प्रत. माझ्या काही कामाची नव्हती, मी ती कधी संगणकात घातलीही नव्हती. तत्त्व म्हणून घेतली होती. मी ती टेबलावर ठेवली आणि म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे.

बाईंनी ती परत माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, की शब्द मास्तरांचे आहेत आणि ते सोडवणं माझी जबाबदारी आहे, पण कुलूप ज्याचं आहे त्याला आधी विचारणार. मी म्हणालो, ती कंपनी मेली. त्या म्हणाल्या, मेली असेल तर वारसांना विचारणार. मग मास्तरांना म्हणाल्या, "मला एक महिना द्या."

"म्हैना मी देतो हो," मास्तर म्हणाले. "वरचा देतोय का, ते बी इचारून घ्या."

मी खोलीवर जाऊन आयुष्यातली सगळ्यात जळजळीत मेल लिहिली. 'एक म्हातारा, एक कोश आणि एक मेलेली कंपनी' असं तिचं शीर्षक. बाईंचं नाव घेतलं नाही, पण कायद्याची पूजा करणाऱ्यांच्या देवघरात माणसाचा बळी जातो, असं लिहिलं. गट पेटला. आठवडाभर मेल्सचा पाऊस पडला. दोन जण गट सोडून गेले, एक जण दुसऱ्याच्या नोकरीवर घसरला. बाईंची मेल आली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आठव्या दिवशी पावणेदहाला आली.

'आपले म्हणणे असे समजले. अक्षरे कुणाच्या मालकीची नसतात. त्यांना कुलूप लावणाराने निदान किल्ली सांभाळायला हवी. जो किल्ली फेकून देऊन निघून गेला त्याला कुलपावर हक्क सांगता येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाचा वेळ ही सगळ्यांत मोठी मालमत्ता असून तिची चोरी होते आहे.' मग रिकामी ओळ. मग: 'ह्यावर उत्तर नाही. तरीही विचारून घेईन.'

घेईन. हे क्रियापद बाईसुद्धा वापरते आणि पुरुषही, त्यामुळे गटाला काही कळलं नाही. पण टिपणीची भाषा सोडून त्या पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बोलल्या होत्या. माझा राग तिथेच अर्धा झाला, आणि तो अर्धा झाला ह्याचा मला वेगळा राग आला.

त्यांनी मुंबईच्या कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं: परिस्थिती अशी आहे, तीस दिवसांत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजून पुढील पाऊल उचलले जाईल. पोचपावती आली. तिच्यावर कुणाची तरी गिचमिड सही होती. उत्तर आलं नाही. दरम्यान बाईंनी भिंतीवरची काच उतरवून 'कुलथे' ही सही उतरवून घेतली आणि गटावर चौकशी केली. तो कुलथे आता खराडीतल्या आयटी पार्कमध्ये होता.

मी त्यांना मोटरसायकलवरून घेऊन गेलो. बाई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्समध्ये डबी. गेटवर सुरक्षारक्षकाने आत नेत असलेल्या विद्युत वस्तूची नोंद करायला सांगितलं. बाईंनी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'लॉक, एक, मृत.' रक्षकाने ते वाचलं, आमच्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं.

कुलथे खाली आला. चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र, परदेशी बँकेच्या कामातला कुणी मोठा साहेब. डबी उघडली तसा तो साहेब राहिलाच नाही. लॉक तळहातावर घेऊन म्हणाला, की ह्याच्या आतला सगळा प्रोग्राम मी लिहिला, बावीस वर्षांचा होतो, फ्लॅटमध्ये पंखासुद्धा नव्हता. तुमचं पत्र मला आठवतंय. बाईंनी विचारलं, लॉकशिवाय चालणारी प्रत तुमच्याकडे आहे का? तो घुटमळला. कंपनी विकली तेव्हा सगळं मुंबईला गेलं, नियमाने एकही प्रत ठेवता येत नव्हती. पण आईच्या ओव्यांची वही त्याने त्याच सॉफ्टवेअरमध्ये उतरवून ठेवली होती. "त्यामुळे घरी मी," तो खाली बघत म्हणाला, "फोडलेलीच वापरतो."

मी खराडीच्या त्या चकचकीत फरशीवर मोठ्याने हसलो. बाई हसल्या नाहीत.

"मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही हो म्हणाल का?"

"अहो, माझ्या हो म्हणण्याला आता कायद्याने काही अर्थ नाही."

"कायद्याला मी पत्र पाठवलंय. आता बनवणाऱ्याला विचारतेय."

कुलथेने लॉक परत डबीत ठेवलं. मग त्याने गेटवर मिळालेल्या आमच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं: 'चालेल.' खाली सही. थोडं थांबून त्याने 'आनंद वाटला' हेही लिहिलं.

मला वाटलं, झालं. पण बाईंनी तीस दिवस पुरे केले. मास्तर मध्ये एकदा खोकत आले, स्टुलावर बसून गेले. मी रोज दुपारी जाऊन कॅलेंडरकडे बोट दाखवायचो, आणि बाई रोज म्हणायच्या, शब्द दिलाय. एकतिसाव्या दिवशी सकाळी दहाला त्यांचा फोन आला. "आण तुझी सीडी."

त्याआधी पावणेदहाला त्यांनी गटावर मेल टाकली होती. आपण काय करणार आहोत, का, कुणाला विचारलं, कुणी उत्तर दिलं आणि कुणी दिलं नाही, सगळं. शेवटी: 'हे कायद्याने बरोबर आहे असा दावा नाही. लपून केलेले नाही, एवढाच दावा आहे.' खाली संपूर्ण नाव, पहिल्यांदाच, आणि दुकानाचा पत्ता. तिथून पुढे दिवसभर गटावर चर्चा कॉपीराइटची झालीच नाही. बाईंना साहेब म्हणणारे सगळे माफी मागत बसले.

दुकानात काळभोर होता, जोशी होते, मास्तर होते. सीडी फिरली. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत, चुकतमाकत जुळवलेल्या मराठीत एक सूचना उमटली. बाईंनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली.

"हे लॉक आम्ही दोघांनी तीन महिने खपून तोडले आहे. सर्वांनी फुकट वापरावे. कृपया कोणी विकू नये."

बाई माझ्याकडे वळल्या.

"चाळीस रुपयांना ना?"

मी मान हलवली.

"ह्यांनाही विचारायचं राहिलं तुझं."

पहिल्यांदा जोशी हसले, मग काळभोर, मग मास्तरांना हसताना खोकल्याची उबळ आली आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. मी जन्मात इतका लाल झालो नसेन. तोवर पडद्यावर चौकटी जाऊन अक्षरं आली होती. मास्तर उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि बोटाने एकेक शब्द दाखवत वाचू लागले. तेव्हा मला त्या कोशाची रीत पहिल्यांदा दिसली. प्रत्येक शब्दापुढे अर्थ होता, आणि अर्थापुढे कंसात तो शब्द कुणी सांगितला त्याचं नाव आणि गाव. कुणी बाळूबाई, कुणी गुऱ्हाळात गूळ शिजवणारा गुळव्या, कुणी गाडीवान. हजारो नावं.

प्रकाशकाने पुढे विचारलं, हक्क कुणाच्या नावाने छापायचे? मास्तर म्हणाले, "शब्द माझे न्हाईत. मी निस्ते इचारून घेतले." त्यावर बाईंनी पेन्सिल कानामागून काढली आणि परत कानामागे ठेवली. कोश निघाला. मास्तरांनी तो बघितला, दोन छापील चुका काढल्या, आणि त्यानंतर ते तीन वर्षं होते.

बाईंनी त्या कामातून एक तक्ता तयार केला, जुन्या फॉण्टमधला मजकूर, लॉकशिवाय कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या नव्या युनिकोडमध्ये नेण्याचा. तो गटावर सगळ्यांसाठी खुला ठेवला. अट एकच: घेणाऱ्याने एक पोस्टकार्ड टाकावं, मी घेतला म्हणून. मी लिहिलं की हे हास्यास्पद आहे, इंटरनेटच्या जमान्यात पोस्टकार्ड कोण टाकेल. टाकली. अकोल्याहून, उदगीरहून, मालवणहून. बाई ती जिल्ह्यांप्रमाणे लावून चपलांच्या खोक्यात ठेवत.

माझी मतं फार बदलली नाहीत. कायदा बदलायला हवा असं मी आजही म्हणतो, आणि मेलेल्या कुलपांचे मालक शोधत म्हाताऱ्यांनी महिना महिना थांबावं हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण ह्यावर एक पुस्तिका लिहायला घेतली, तेव्हा मला बाईंची ती आठव्या दिवसाची मेल तिच्यात हवी होती. माझी बाजू त्यांच्याइतकी नीट मला अजूनही मांडता येत नाही. मेल माझ्याकडे होती. छापून टाकली असती तरी कुणी विचारलं नसतं.

बंगळुरूला नोकरीसाठी निघण्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो. बाई खोक्यातली पोस्टकार्डं लावत होत्या. मी म्हणालो, तुमची ती मेल पुस्तिकेत छापू का?

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वाचून बघते. उद्या सांगते."

मी म्हणालो, उद्या मी पुण्यात नाही.

"मग पोस्टकार्ड टाकते."

तेवढ्यात एक वाजला आणि काळभोर दारात उभा राहिला. लॉकची गरज संपून वर्ष होऊन गेलं होतं. पण दहा ते एक, एक ते चार, चार ते सात हे वेळापत्रक त्या बोळाने सोडलं नव्हतं. डबीत आता भाजलेली बडीशेप असायची. बाईंनी ती उघडली, चिमूटभर स्वतः घेतली आणि टेबलावर ठेवली. मी हात पुढे केला. काळभोर थांबला. बाईही थांबल्या.

मी हात अर्ध्यावर धरून विचारलं, "घेऊ?"

"घे," त्या म्हणाल्या, आणि डबी माझ्याकडे सरकवली.